विखुरलेली चढाई आणि अकरांचा बचाव

श्रोतेहो, आज मी तुम्हांला अशा एका खेळाविषयी सांगणार आहे, जो आपल्या गावात कोणी खेळत नाही आणि पुढेही बहुधा कोणी खेळणार नाही. तो म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळला जाणारा फुटबॉल. मग तो ऐकायचा कशाला, असे तुम्ही म्हणाल. तर त्या खेळात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बचाव करणाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ज्वारी हुरड्यात आली की मोठ्या रानाला एक राखणदार पुरत नाही. तो या बांधावर गोफण फिरवतो, तेवढ्यात पाखरे त्या बांधावर उतरतात. राखायची जागा मोठी आणि राखणारे हात थोडे, अशा वेळी काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे? हा तो प्रश्न. अमेरिकेतल्या शिक्षकांनी आणि पोरांनी त्याची उत्तरे कशी शोधली, ते आज पाहू.

आधी खेळ समजून घेऊ. नाव फुटबॉल असले तरी हा खेळ बहुतेक हातांनीच चालतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे ३०० फूट, आणि १६० फूट रुंद. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचा शेवटचा पट्टा असतो. चेंडू घेऊन त्या पट्ट्यात शिरले, किंवा तिथे तो झेलला, की सहा गुण. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. एक बाजू चढाई करते, दुसरी बचाव करते. चढाईवाल्यांना चार संधी मिळतात. त्या चारांत दहा यार्ड पुढे सरकले की पुन्हा नव्या चार संधी, नाही तर चेंडू दुसऱ्या बाजूकडे. एकेक संधी म्हणजे पाच-सात सेकंदांची झटापट. गडी पकडून खाली पाडला की खेळ थांबतो, दोन्ही बाजू पुन्हा रांगेत उभ्या राहतात. कबड्डीत एक चढाई संपून दुसरी सुरू होते ना, तशातलाच प्रकार.

चढाईच्या अकरा जणांत पाच दांडगे गडी मधोमध उभे असतात. रेटा देणे आणि वाट करून देणे हे त्यांचे काम. पुढे फेकलेला चेंडू त्यांना झेलता येत नाही. त्यांच्या मागे क्वार्टरबॅक, म्हणजे सगळ्या चढाईचा सूत्रधार. राहिलेले पाच जण चेंडू घेऊन पळतात किंवा फेकलेला चेंडू झेलतात. एवढे लक्षात ठेवलेत की पुरे.

पूर्वी हा खेळ म्हणजे नुसती रेटारेटी होती. पुढे फेकायची परवानगीच नव्हती. पोरे एकमेकांना बिलगून जथ्याने घुसत आणि त्यात जीवही जात. इतके की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या माणसांना बोलावून घेतले आणि खेळ सुधारा असे बजावले. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, चेंडू पुढे फेकण्याला मुभा मिळाली. खेळ मोकळा व्हावा, दाटी कमी व्हावी, हा त्यामागचा एक हेतू. तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षे मोठी कॉलेजे दाटीनेच खेळत राहिली. ज्याच्याकडे दांडगी पोरे जास्त, तो जिंकणार, असा सरळ हिशेब.

हा हिशेब मोडला तो ज्यांच्याकडे दांडगी पोरे नव्हती त्यांनी. टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ नावाचे शहर आहे. तिथे मेसॉनिक होम नावाचा एक अनाथाश्रम आणि त्याची शाळा होती. रस्टी रसेल नावाचे शिक्षक १९२७ साली तिथे आले. पोरे मोजकी आणि अंगाने हलकी. समोर मात्र मोठ्या शाळांचे तगडे संघ. छातीला छाती भिडवून आपला निभाव लागणार नाही, हे रसेल यांनी ओळखले आणि आपली पोरे मैदानभर पसरून उभी केली. समोरच्या दांडग्यांना मग पळत सुटावे लागे, आणि पळण्यात ते मागे पडत. त्याच गावच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात डच मायर हे प्रशिक्षक होते. त्यांनी १९५२ मध्ये या विखुरलेल्या रचनेवर एक पुस्तकच लिहिले. ओहायो राज्यात १९५८ साली टायगर एलिसन यांनी आपल्या हरणाऱ्या शाळकरी संघाला असेच पसरून खेळायला लावले आणि हंगाम सावरला. पुढे १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन या लहानशा कॉलेजात हॅल ममी आणि माइक लीच या जोडीने चेंडू फेकण्यावरच सारी भिस्त ठेवली. १९९० नंतरच्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या डोंगराळ भागातल्या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिग्ज यांनी पसरून उभे राहायचे आणि तरी पळून मैदान मारायचे, अशी युक्ती बसवली.

ही सगळी नावे लहान जागांची आहेत, हे ध्यानात घ्या. आणि मग मोठ्यांना दणके बसू लागले. मिशिगन विद्यापीठ हे या खेळातले केवढे जुने घराणे! ४ नोव्हेंबर २००० रोजी नॉर्थवेस्टर्नने या पद्धतीने खेळून त्यांना ५४-५१ असे हरवले. १ सप्टेंबर २००७ रोजी तर ॲपलाचियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या कॉलेजाने मिशिगनच्याच मैदानावर त्यांचा ३४-३२ असा पराभव केला.

आता या चढाईत अडचण नेमकी कोणती, ते हिशेब मांडूनच पाहू. शिक्षक मंडळींनी हवे तर फळ्यावर खडूने ठिपके काढावेत.

चढाईचे पाच दांडगे मध्ये. मागे क्वार्टरबॅक, त्याच्या शेजारी एक पळणारा. हे झाले सात. उरलेले चार झेलणारे दोन्ही बाजूंना दूर, अगदी कडेपर्यंत पसरलेले. आता बचावाचे अकरा वाटा पाहू. चार झेलणाऱ्यांसाठी चार राखणदार तर हवेतच, शिवाय एखादा निसटला तर मागे मदतीला एक हवा. म्हणजे पाच गेले. मध्ये उरले सहा. समोर वाट करणारे पाच. पाचांनी पाच अडवले, तरी बचावाचा एक मोकळा राहतो आणि तो पळणाऱ्याला धरतो. इथपर्यंत बचाव ठीक आहे.

पण क्वार्टरबॅक स्वतःच पळू लागला तर? रॉड्रिग्ज यांची युक्ती हीच. चढाईवाले बचावाच्या कडेच्या एका गड्याला मुद्दामच अडवत नाहीत, मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि नजर त्या मोकळ्या गड्यावर ठेवतो. तो पळणाऱ्यावर धावला, की क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळतो. तो जागेवर थांबला, की चेंडू पळणाऱ्याला देऊन टाकतो. म्हणजे तो बिचारा काहीही करो, चूकच! त्याला हातही न लावता त्याला बाद केला. सहाव्या गड्याचा उपयोग असा संपला.

मग बचावाने मागचा मदतनीस पुढे आणला, मध्ये सात केले. पण आता मागे चार झेलणाऱ्यांना चारच राखणदार उरले. एकाचा पाय घसरला की थेट सहा गुण. अकरांची वाटणी सहा-पाच करा किंवा सात-चार करा, पांघरूण अपुरेच. डोके झाकावे तर पाय उघडे पडतात.

कॉलेजच्या खेळात आणखी एक भर आहे. चेंडू दर वेळी मैदानाच्या मधोमधच ठेवतात असे नाही. मैदानावर दोन ओळींत खुणा असतात. झटापट कडेला संपली, तर चेंडू त्या बाजूच्या खुणेवर ठेवतात. कॉलेजच्या मैदानावर या दोन ओळींत ४० फुटांचे अंतर असते. म्हणजे चेंडू एका ओळीवर असला, की एका बाजूला ६० फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट. त्या शंभर फुटांच्या पटांगणात चपळ पोरगा मोकळा सापडला, म्हणजे त्याला धरणे किती कठीण, हे कबड्डी खेळलेल्यांना सांगायला नको. चढाईपटू रेषेपाशी खेळत असतो तोवर ठीक. तो मैदान रुंद करून साखळी तोडायला लागला, की कोपऱ्यावरचा गडी एकटा पडतो.

तर अशा चढाईला बचावाने कसे तोंड दिले? एका रामबाण उपायाने हे काम झाले नाही. पाच-सहा गोष्टी हळूहळू जमवाव्या लागल्या.

पहिली गोष्ट माणसांची निवड. पूर्वी बचावात चार दांडगे पुढे, मधल्या फळीत तीन धट्टेकट्टे आणि मागे चार चपळ, अशी साधारण वाटणी असे. पसरलेल्या चढाईपुढे मधल्या फळीतला तिसरा धट्टाकट्टा गडी कुचकामी ठरू लागला. तो झेलणाऱ्याच्या मागे पळू शकेना. म्हणून त्याच्या जागी पाचवा चपळ गडी आणला. पूर्वी हा बदल अडीअडचणीला करत, आता बहुतेक ठिकाणी ती नेहमीचीच मांडणी झाली. गंमत पाहा, या बचावाचा एक मोठा आचार्य त्याच फोर्ट वर्थ गावात झाला, जिथे अनाथ पोरांनी चढाई पसरली होती. गॅरी पॅटरसन हे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात २००० च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. पुढे चार, मधे दोन, मागे पाच, ही त्यांची मांडणी. नामांकित दांडगी पोरे मोठ्या कॉलेजांकडे जात. पॅटरसन पळणारी पोरे निवडत आणि त्यांना एकेक फळी पुढे आणत. मागे खेळणारा मधल्या फळीत, मधला पुढच्या फळीत. वजन थोडे कमी पडे, पण वेग वाढे. २०१० च्या हंगामात त्यांच्या संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले. १ जानेवारी २०११ रोजी रोझ बाउलच्या सामन्यात समोर विस्कॉन्सिनचा चांगला वजनदार संघ होता. निकाल २१-१९. शेवटी बरोबरी साधण्यासाठी विस्कॉन्सिनने फेकलेला चेंडू फोर्ट वर्थच्या मधल्या फळीतल्या एका गड्याने हाताने खाली पाडला, तेव्हा कुठे सामना सुटला.

दुसरी गोष्ट राखणीची रीत. राखण दोन प्रकारची. एक माणसाची, दुसरी जागेची. माणसाची राखण म्हणजे तुझ्या वाट्याचा गडी जिकडे जाईल तिकडे तू त्याच्या मागे. जागेची राखण म्हणजे तू तुझा तुकडा सांभाळ, त्यात कोण येतो ते पाहा. पहिल्या रीतीत समोरच्याचा वेग जास्त असला की तुम्ही फसलात. दुसऱ्या रीतीत एकाच तुकड्यात दोघे घुसले की तुम्ही फसलात. १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक आणि निक सेबन हे दोघे काम करत होते. मागे तीन राखणदार तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शाची जागा सांभाळत असताना समोरून चार जण सरळ खोल धावले, तर काय करावे, ही त्यांची डोकेदुखी. तेव्हा त्यांनी दोन्ही रीती एकत्र विणल्या. गडी आधी जागेवर उभा राहतो आणि झेलणाऱ्यांची पहिली काही पावले पाहतो. तुझ्या बाजूचा खोल गेला तर तो तुझा, त्याच्याबरोबर जा. तो आत वळला तर शेजाऱ्याला हाक दे, तो त्याचा, आणि बाहेर येणारा तुझा. सेबन यांनी पुढे २००७ ते २०२३ अशी सतरा वर्षे अलाबामा विद्यापीठात हीच रीत शिकवली. ऐकायला सोपी वाटते, पण अवघड आहे. शेजाऱ्याने त्याचे काम केले असेलच, हा भरवसा नसेल, तर दोघेही एकाच गड्यामागे पळतात आणि दुसरा मोकळा सुटतो.

तिसरी गोष्ट, फसवणाऱ्यालाच फसवणे. मघाशी तो मोकळा सोडलेला गडी सांगितला ना, ज्याचे काहीही चूकच ठरते, त्याच्यावर बचावाने उतारा शोधला. तो मुद्दाम पळणाऱ्यावर धावतो. क्वार्टरबॅकला वाटते, फसला! तो चेंडू ठेवून घेतो आणि मोकळ्या जागेकडे वळतो. पण तिथे मधल्या फळीतला गडी आधीच वळसा घालून येऊन उभा असतो. दोघांनी आपापली कामे अदलाबदल केलेली असतात. चढाईवाले ज्या एका गड्याकडे पाहून निर्णय घेत होते, त्याच्याकडूनच त्यांना खोटी खबर दिली.

चौथी गोष्ट लपवाछपवी. चेंडू सुटण्यापूर्वी क्वार्टरबॅक बचावाची मांडणी पाहतो, मागे किती, पुढे किती, हे मोजतो. म्हणून बचाव एक चित्र दाखवतो आणि चेंडू सुटताच दुसरे करतो. मागे दोघे दिसत होते, त्यातला एक झरकन पुढे येतो. पुढच्या रांगेत पाच दिसत होते, त्यातला एक मागे सरकून राखणीला जातो आणि भलत्याच बाजूने दुसरा घुसतो. घुसणारे चारच, पण कोणते चार, हे समोरच्याला कळत नाही.

पाचवी गोष्ट पकड. कितीही उत्तम मांडणी करा, शेवटी मोकळ्या जागेत एका पोराला एका पोराने धरावे लागते. इथे कडेची रेषा बचावाच्या उपयोगी पडते. पळणाऱ्याच्या आतल्या बाजूला राहायचे, त्याला रेषेकडे ढकलत न्यायचे, आणि घाईने झेप न घेता पावले आखूड करायची. एकाने अडवून धरायचे आणि बाकीच्यांनी धावत यायचे. डोके बाजूला ठेवून खांद्याने धरायला शिकवतात, कारण डोक्याने धडक दिली तर मेंदूला आणि मानेला इजा होते. डोक्याच्या टोपाचा माथा मारून समोरच्याला ठोकले, तर २०१३ पासून कॉलेजच्या सामन्यात त्या गड्याला मैदानाबाहेर काढतात. पकड चांगली हवी ती गुणांसाठी आणि पोरांच्या जिवासाठीही.

आणि सहावी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काय सोडून द्यायचे, हे आधी ठरवणे. पसरलेल्या चढाईपुढे सगळे राखता येत नाही. तेव्हा बचाव म्हणतो, समोरचे पाच-सहा यार्ड घ्या, पण डोक्यावरून चेंडू जाऊ देणार नाही. चढाईला दहा-बारा वेळा नीट खेळून पुढे यावे लागले, तर एखाद्या वेळी तिचीच चूक होते. शिवाय चढाई जसजशी पुढे येते, तसतशी तिची जागा कमी होत जाते. शेवटच्या रेषेपासून ती वीस यार्डांवर आली, की मागचा दहा यार्डांचा पट्टा धरून तिला तीसच यार्ड खोली उरते. मैदानाची मागची कड जणू बचावाचा बारावा गडी होते. तिथे अडवून धरले, की सहाऐवजी लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीनच गुण घ्यावे लागतात. मैदान दिले, पण घर राखले.

आता थोडे वेगाबद्दल. ही चढाई पसरते तशीच घाईही करते. एक झटापट संपल्यावर पुढची सुरू करायला चाळीस सेकंदांची मुभा असते, पण काही संघ त्याच्या निम्म्याहून कमी वेळात पुन्हा चेंडू सोडतात. चढाईने गडी बदलला नाही, तर बचावाला गडी बदलायला थांबून देण्याचे बंधन नाही. मग दमलेले दांडगे गडी धापा टाकत तसेच उभे. २०१४ च्या आरंभी असा एक प्रस्ताव आला, की पहिले दहा सेकंद चढाईने चेंडू सोडूच नये, म्हणजे बचावाला माणसे बदलता येतील. गड्यांच्या प्रकृतीचे कारण पुढे केले होते, पण त्याला विरोध झाला आणि मार्च महिन्यात तो बाजूला ठेवण्यात आला. काही ठिकाणी मग दुसरीच वाट निघाली. चढाई भरात आली, की बचावाचा एखादा गडी लंगडत खाली बसू लागला. दुखापत खोटी, विश्रांती मात्र खरी! याचा बोभाटा झाला. अखेर २०२५ पासून नियम आला, की पुढच्या संधीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कोणासाठी वैद्यकीय माणसे मैदानात आली, तर त्या संघाचा एक विश्रांतिकाळ कापला जाईल, आणि तो शिल्लक नसेल तर पाच यार्डांचा दंड. खरोखर दुखलेल्या पोराला यामुळे बसायला भीती वाटू नये, ही काळजी आता गुरुजींनीच घ्यायची.

आता एक सामना सांगतो. आयोवा हे अमेरिकेतले शेतीचे राज्य, मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. तिथल्या एम्स गावात आयोवा स्टेट विद्यापीठ आहे. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर जी शेतकी कॉलेजे निघाली, त्यांतले हे एक जुने. आपल्याकडची राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठेही त्याच नमुन्यावर उभी राहिली आहेत, तेव्हा हे काही अगदीच परके घर नव्हे. फुटबॉलमध्ये मात्र या विद्यापीठाचे नाव मोठे नव्हते. त्यांच्या गटात सगळेच पसरून, धडाक्याने गुण करणारे. पूर्वी दुबळ्यांचे असलेले हत्यार एव्हाना बलवानांच्या हाती गेले होते. अलाबामाचे सेबन २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एमच्या चपळ क्वार्टरबॅकपुढे आपल्या मैदानावर २९-२४ हरले, आणि पुढे दोन वर्षांत त्यांनी स्वतःची चढाईही पसरून टाकली. मग दुबळ्यांनी काय करावे?

आयोवा स्टेटचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक होते मॅट कॅम्पबेल, आणि बचाव सांभाळणारे होते जॉन हीकॉक. त्यांनी २०१७ च्या हंगामात एक वेगळीच मांडणी काढली. पुढे तीनच दांडगे, मधे तीन, मागे पाच. त्या पाचांतले तीन जण खोल उभे, आणि तिघांतला मधला मैदानाच्या बरोबर मध्यावर. आता मघाचा हिशेब आठवा. सहा-पाच की सात-चार? हा मधला गडी म्हणजे त्याचे उत्तर. चेंडू सुटेपर्यंत तो ना पुढचा ना मागचा. पळायला लागले की तो धावत पुढे येतो आणि सातवा होतो. तो मागून येत असल्याने त्याला अडवायला कोणी नेमलेलेच नसते. चेंडू फेकला तर तो मागे थांबून पाचवा होतो. एकच माणूस दोन्ही खात्यांत जमा!

७ ऑक्टोबर २०१७ रोजी हा संघ ओक्लाहोमाला त्यांच्या मैदानावर भेटला. ओक्लाहोमा तेव्हा देशात तिसऱ्या क्रमांकावर. त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड, ज्याला त्याच वर्षी देशातला उत्कृष्ट कॉलेज खेळाडू म्हणून हाइझमन पारितोषिक मिळाले. आयोवा स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक उपलब्ध नव्हता. त्याच्या जागी शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला काइल केम्प्ट उभा राहिला. जोएल लॅनिंग हा गडी तर त्या दिवशी बचावाच्या मधल्या फळीतही खेळला आणि चढाईत क्वार्टरबॅक म्हणूनही उतरला. सुरुवातीला मागे पडूनही आयोवा स्टेटने तो सामना ३८-३१ असा जिंकला. ओक्लाहोमावर त्यांनी १९९० नंतर प्रथमच विजय मिळवला. त्या दिवशीही ओक्लाहोमाने ३१ गुण केलेच, हे विसरू नका. या खेळात समोरच्याला शून्यावर ठेवणे हे बचावाचे माप राहिलेले नाही. आणखी एकदा अडवले, एवढ्यावर सामना फिरतो. पुढे २ जानेवारी २०२१ रोजी याच संघाने फिएस्टा बाउलमध्ये ओरेगॉनला ३४-१७ असे हरवले, आणि ही तीन राखणदारांची मांडणी ठिकठिकाणी उचलली गेली.

पण मंडळी, मांडणी म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या हंगामात जॉर्जिया विद्यापीठाने आपल्या बचावाच्या बळावर अजिंक्यपद मिळवले. त्या बचावातले पाच गडी पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्या फेरीतच उचलले. एका संघाच्या बचावातले एवढे गडी एका वर्षी पहिल्या फेरीत कधी गेले नव्हते. असे गडी असले, की मध्ये कमी माणसे ठेवूनही भागते, कारण एकेक जण दोघांना भारी पडतो. आणि फोर्ट वर्थचेच टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ पॅटरसन यांच्यानंतर पुढे तीनच दांडगे ठेवून खेळू लागले होते. ते २०२२ च्या हंगामात मोठ्या जिद्दीने अंतिम सामन्यापर्यंत पोचले. ९ जानेवारी २०२३ रोजी तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असे लोळवले. बळाची तफावत फार झाली की युक्तीचा बांध फुटतो. थोडी तफावत मात्र युक्तीने भरून काढता येते, आणि बहुतेक सामने त्या थोड्या तफावतीचेच असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातून आपल्या शाळेच्या मैदानासाठी काही घेता येईल का? मला वाटते, येईल. आपल्याकडे कबड्डीचा बचाव शिकवताना आपण पकडीचे प्रकार पुष्कळ शिकवतो. त्याबरोबर एक लहानशी सवय लावून पाहा. समोरचा चढाईला येण्याआधी आपल्या सातही पोरांना विचारा, तुझे काम काय? चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे वळला तर तू कुठे जाणार? आणि तुझा शेजारी कुठे असणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सातांपैकी किती जण देतात, ते मोजा. पोरगा दुबळा असेल, सावकाश पळणारा असेल, पण आपले काम आणि शेजाऱ्याचे काम ज्याला ठाऊक आहे, तो साखळीत बिनधास्त उभा करता येतो. दुसरे असे, की गुण गेला म्हणून पोरावर ओरडण्यापूर्वी स्वतःला विचारावे, हा गुण आपण सोडायचा ठरवला होता का? ठरवून सोडलेला गुण आणि गाफीलपणे गेलेला गुण, यांत फार अंतर आहे. पोरांना हे अंतर कळले, म्हणजे हरत असतानाही ती गोंधळत नाहीत.

तिसरी गोष्ट निवडीची. फोर्ट वर्थच्या अनाथाश्रमात रसेल यांना पोरे निवडता आली नाहीत, जी होती त्यांच्यावरून त्यांनी खेळाची रीत निवडली. आयोवात हीकॉक यांनी तेच केले. आपल्या पटावर वीस पोरे असतील, त्यांत दोनच धिप्पाड असतील. उरलेल्या अठरांना कडेला बसवून टाळ्या वाजवायला लावायचे, की त्यांच्या अंगी जे आहे त्याला साजेशी जागा शोधून द्यायची, हे आपल्याच हातात आहे.

उद्या मैदानावर जाल तेव्हा एवढे करून पाहा.